जे घराला पेलणार नाही, त्याचाच विमा

लग्न झालं, मूल झालं, गृहकर्ज मंजूर झालं. यांपैकी काहीही झालं की महिन्याभरात ओळखीतला विमा एजंट घरी चहाला येतो. बहुतेक वेळा तो नात्यातला असतो, निदान सोसायटीतला. तुमची जन्मतारीख घालून त्याने आधीच एक तक्ता काढून आणलेला असतो आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात वीस वर्षांनी मिळणारी रक्कम ठळक छापलेली असते. त्या रकमेकडे बघून सही करायची नाही, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

सही करण्याआधी कंपनी कोणती, योजना कोणती, हे प्रश्न बाजूला ठेवा आणि घरात बसून एकच विचारा: कोणतं नुकसान झालं तर हे घर पुन्हा उभं राहणार नाही? मोबाइल फुटला, फ्रिज बिघडला, दाताचं रूट कॅनाल करावं लागलं, तर त्या महिन्याची ओढाताण होते, पुढच्या महिन्यात आपण सावरतो. कमावता माणूस गेला, कुणाला तीन आठवडे आयसीयूत ठेवावं लागलं, आपल्या गाडीखाली कुणी सापडलं आणि भरपाई द्यायची वेळ आली, तर सावरायला वर्षं जातात, कधीकधी घर विकावं लागतं. हप्ता भरायचा तो या दुसऱ्या प्रकारासाठी. आपल्याकडे पन्नास हजारांच्या मोबाइलला पूर्ण किमतीचा विमा असतो आणि महिन्याला पन्नास हजार कमावणाऱ्या माणसाला दोन लाखांचा.

नाशिकमधलं एक काल्पनिक जोडपं धरू. तो छत्तीस वर्षांचा, अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, हातात ५८,००० रुपये येतात. ती तेहतीसची, घरी शिकवण्या घेते, महिन्याला १२,००० सुटतात. मुलगी दुसरीत. फ्लॅटचं ३२ लाखांचं कर्ज, त्याचा हप्ता २८,०००. सिन्नरजवळच्या गावी त्याचे आईवडील, त्यांना दरमहा पाच हजार जातात. घरात तीन जुन्या पॉलिसी, तिन्ही मुदतीअखेर पैसे परत देणाऱ्या. मिळून विमा रक्कम ९ लाख, वर्षाचा हप्ता ५४,०००. कारखान्याकडून कुटुंबाला ३ लाखांचा मेडिक्लेम आहे. गावच्या पतसंस्थेत ४ लाखांची ठेव आहे. दोघांनाही वाटतं, आपण बऱ्यापैकी सावध आहोत.

आता तो नाही असं धरून कागदावर मांडा. अभद्र वाटतं, पण हा हिशेब केल्याशिवाय विमा घेणं म्हणजे अंगाचं माप न देता कपडे शिवायला टाकणं. कर्जाचे ३२ लाख आधी फेडावे लागतील. कर्जाचा हप्ता गेल्यावर आणि त्याचा स्वतःचा खर्च वजा केल्यावर, गावचे पाच हजार धरून, घराला महिन्याला साधारण ३०,००० लागतील. तिचे १२,००० येत राहिले तर तूट १८,००० ची, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. सुरक्षित ठेवीवरचं व्याज बहुतांशी महागाई खाऊन टाकते, म्हणून व्याज धरायचंच नाही आणि सरळ वीस वर्षांनी गुणायचं: ४३ लाख. मुलीच्या उच्च शिक्षणाला १५ लाख. बेरीज ९० लाख. हातात असलेला विमा ९ लाखांचा.

वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट विमा घ्यावा, असा एक ठोकताळा सांगतात. तो वाईट नाही, पण कर्ज असलेल्या आणि नसलेल्या घराला एकाच मापाने मोजतो. स्वतःचा आकडा काढायला अर्धा तास लागतो. या घराने एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्यावा, मुदत त्याच्या साठीपर्यंत. तंबाखू न घेणाऱ्या निरोगी माणसाला या वयात तो वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे, त्यामुळे जुने आकडे मनात धरून 'परवडत नाही' म्हणू नका. नव्याण्णव वर्षांपर्यंतचं संरक्षण विकलं जातं ते घेऊ नये. कमाई थांबली, कर्ज फिटलं, मुलगी कमावती झाली की हा विमा लागतच नाही. आणि 'जिवंत राहिलात तर भरलेले हप्ते परत' हा प्रकारही टाळावा. त्यासाठी जो जादा हप्ता घेतात, त्याच्याच व्याजातून ते पैसे परत येतात.

तिचं काय? शिकवण्यांचे १२,००० तर जातीलच, शिवाय सात वर्षांच्या मुलीचं सगळं बघायला माणूस ठेवायचा म्हटलं तर त्याचा पगार आला. तिच्या नावावर २५ लाखांचा छोटा टर्म प्लॅन असावा. 'बायकोला कशाला विमा' हे वाक्य अजून सुशिक्षित घरांत ऐकू येतं, आणि ते ऐकून घेणाऱ्या बायकाही असतात.

बचतीचा विमा

आपल्या घरांत विमा म्हणजे बचत हे समीकरण पक्कं बसलं आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. अडीचशेच्या आसपास खासगी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. महामंडळाच्या पॉलिसीला कायद्यानेच केंद्र सरकारची हमी मिळाली. एजंट घरापर्यंत येत होता, पैसे बुडत नव्हते, आणि दरवर्षी सक्तीने काही रक्कम बाजूला पडत होती. ज्या घरात महिनाअखेर काही उरत नसे, त्या घराला त्या सक्तीचं मोल होतं. आजोबांच्या पॉलिसीवर आत्याचं लग्न झालं, ही गोष्ट कित्येक घरांत खरीच आहे. फक्त आजोबांपुढे आजच्यासारखे पर्याय नव्हते.

आकडे मांडून बघू. वर्षाला ५०,००० असे वीस वर्षं भरले आणि शेवटी बोनस धरून साडेअठरा लाख मिळाले, तर परतावा पडतो साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्के दराने गेले असते तर बावीस लाखांवर झाले असते. महागाई सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे ते साडेअठरा लाख आजच्या पावणेसहा लाखांच्या मोलाचे उरतात. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात हे लिहिलेलं नसतं. मला त्याहून खटकते ती दुसरी बाजू: वर्षाला पन्नास हजार भरूनही घराला संरक्षण मिळतं ते दहा लाखांच्या घरात. म्हणजे बचत मध्यम आणि विमा तोकडा.

करासाठी मार्चमध्ये घाईने पॉलिसी घेणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. २०२३-२४पासून नवी करपद्धत हीच आपोआप लागू होणारी पद्धत आहे आणि तिच्यात विम्याच्या हप्त्यावर वजावट मिळत नाही. २०२५-२६पासून त्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही लागत नाही. आपल्या नाशिककर नोकरदाराला कर शून्य. तरी मार्च आला की त्याच्या कार्यालयातले सगळे पॉलिसी घेतात म्हणून तोही घेतो.

मग त्या तीन जुन्या पॉलिसींचं काय करायचं? रागाच्या भरात मोडू नका. आधी नवा टर्म प्लॅन हातात येऊ द्या, वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी क्रमांक मिळू द्या. तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि अर्ज अडला, तर जुनं संरक्षण तरी शाबूत राहतं. त्यानंतर शाखेत जाऊन प्रत्येक पॉलिसीचे तीन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती मिळतील, हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर किती मिळतील, आणि अजून किती हप्ते बाकी आहेत. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी चालू, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी. वीस वर्षांच्या दहा लाखांच्या पॉलिसीत आठ वर्षं भरली असतील तर चार लाख आणि तोवर जमलेला बोनस. मुदत संपायला चार-पाच वर्षंच राहिली असतील तर बहुतेक वेळा पॉलिसी पूर्ण होऊ देणंच शहाणपणाचं. निम्म्याहून जास्त मुदत बाकी असेल तर पेड-अपचा विचार गंभीरपणे करावा. अगदी अलीकडे घेतली असेल आणि पॉलिसीचे कागद हातात पडून तीस दिवस झाले नसतील, तर कारण कळवून ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या नियमांमुळे पहिलं पूर्ण वर्ष भरल्यावरही काही सरेंडर मूल्य मिळू शकतं; पूर्वी एक वर्ष भरून सोडलेल्या पॉलिसीचे पैसे बुडायचे.

अर्ज स्वतः भरा

क्लेम नाकारला जातो त्याचं मूळ पुष्कळदा अर्जात असतं. एजंट म्हणतो, 'सह्या करा, बाकी मी भरतो.' तो सगळीकडे 'नाही' लिहितो, कारण 'हो' लिहिलं की तपासण्या वाढतात आणि पॉलिसी लांबते. तंबाखूचा रकाना तर हमखास चुकतो. 'मी सिगारेट ओढत नाही' म्हणून 'नाही' लिहिलं जातं, आणि सकाळी मशेरी लावणारी बाई किंवा जेवणानंतर चिमूटभर तंबाखू मळणारा माणूस विमा कंपनीच्या लेखी तंबाखू घेणाराच असतो. गुटखा, पान-तंबाखू, तपकीर, सगळं लिहा. हप्ता वाढेल, वाढू दे. बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी, पाच वर्षांपूर्वीची अँजिओग्राफी, आधी नाकारलेला एखादा विमा अर्ज, हेही लिहा.

विमा कायदा १९३८ च्या कलम ४५नुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला तिच्यावर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही. पहिल्या तीन वर्षांत मात्र माहिती लपवल्याचं सिद्ध झालं तर क्लेम अडतो. अपघात आणि अकाली मृत्यू तीन वर्षं थांबत नाहीत, म्हणून हे कलम लपवाछपवीचं हत्यार समजू नये. आणखी एक: 'पहिला हप्ता माझ्याकडून' असं कुणी म्हणालं तर त्याला नकार द्या. त्याच कायद्याच्या ४१व्या कलमाने अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही बेकायदा आहे.

दवाखान्याचा विमा

आयुर्विम्याचा प्रसंग येईल न येईल, दवाखान्याचा येतोच. कारखान्याचा ३ लाखांचा मेडिक्लेम आहे, म्हणून आपलं जोडपं निर्धास्त आहे. नोकरी सुटली की तो जातो, आणि निवृत्तीच्या दिवशी तर नक्कीच जातो, म्हणजे ज्या वयात लागणार त्याच वयात. तेव्हा नवा विमा काढायला जावं तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून छत्तिशीत, तब्येत ठीक असताना, स्वतःचा वेगळा विमा काढावा आणि हे प्रतीक्षेचे दिवस तरुणपणीच संपवावेत. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक वगळता, माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. एकही वर्ष नूतनीकरण चुकलं की ही सगळी पुण्याई शून्यावर येते. सवलतीचे दिवस साधारण तीस, दरमहा हप्ता भरत असाल तर पंधराच.

पॉलिसीचं पुस्तक जाड असतं आणि ते सगळं वाचा असं मी सांगणार नाही, कारण कुणी वाचत नाही. एक जागा मात्र बोट ठेवून शोधा: खोलीच्या भाड्याची मर्यादा. पाच लाखांच्या पॉलिसीत 'दररोज विमा रकमेच्या एक टक्का' असं लिहिलेलं असेल तर मर्यादा झाली ५,००० रुपये. तुम्ही १०,०००ची खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक तुमच्या अंगावर येतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळं खोलीच्या दर्जाप्रमाणे आकारलं जात असेल तर त्यातलंही निम्मंच मिळतं. या खर्चाचं बिल दोन लाखांचं असेल तर एक लाख खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळण्याचा नियम आहे. बिल हातात आल्यावर तो पाळला आहे का, हे बघा. शक्यतो भाड्याची मर्यादा नसलेली, निदान 'सिंगल प्रायव्हेट रूम' लिहिलेली पॉलिसी निवडा, आणि ती परवडत नसेल तर दाखल होताना मर्यादेतली खोली मागा. त्या वेळी सोबतच्या माणसाला हे माहीत असायला हवं. पेशंट स्ट्रेचरवर असतो.

को-पे हा दुसरा शब्द. २० टक्के को-पे म्हणजे प्रत्येक मान्य बिलातला पाचवा हिस्सा तुमचा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो सर्रास असतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं ऑपरेशन यांना वेगळी प्रतीक्षा असते, बहुधा दोन वर्षांची. या तीन गोष्टी कळल्या की निरनिराळ्या कंपन्यांच्या पॉलिसी आपोआप वेगळ्या दिसायला लागतात. क्लेम सेटलमेंटच्या टक्केवारीत ९८ का ९९ यावर डोकं शिणवू नका. आपल्या गावातली, आपण खरोखर जाऊ अशी दोन हॉस्पिटलं त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहेत का, हे पाहणं जास्त उपयोगाचं. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यावं, असा विमा नियामकाचा २०२४चा आदेश आहे. विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीएच्या खिडकीसमोर रात्री दहापर्यंत बसवून ठेवलं तर त्याची आठवण करून द्या.

नाशिकच्या घराला तिघांना मिळून वापरता येणारा दहा लाखांचा फ्लोटर पुरेसा सुरुवातीचा आकडा आहे. मोठं संरक्षण स्वस्तात हवं असेल तर त्यावर सुपर टॉप-अप घ्यावा. ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देताना साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं धरतो, सुपर टॉप-अप वर्षभराची सगळी बिलं एकत्र मोजतो. नावात 'सुपर' आहे ना, एवढं तपासायचं. आईवडिलांना याच फ्लोटरमध्ये घालू नये. फ्लोटरचा हप्ता सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो, आणि वडिलांच्या हृदयविकारात सगळी रक्कम संपली तर त्या वर्षी नातीसाठी काही उरत नाही.

आईवडिलांसाठी आधी सरकारी योजना बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, यादीतल्या उपचारांसाठी, यादीतल्या हॉस्पिटलांत. केशरी-पांढऱ्या रेशनकार्डाचा भेद मनातून काढून टाका. अशा हॉस्पिटलात योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधी, निदान दाखल होताना त्याच्याकडे जा, बिल भरून झाल्यावर जाऊन उपयोग होत नाही. वयाची सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. निवृत्त मुख्याध्यापकांनाही मिळतं, पण ते काढायला आपल्यातले बरेच जण लाजतात.

आईवडिलांचं पासबुकही एकदा उघडा. मेच्या अखेरीस ४३६ आणि २० रुपये वजा झाल्याच्या नोंदी दिसल्या तर त्यांच्या नावावर पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा चालू आहे. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योतीत प्रवेश पन्नाशीपर्यंत आणि संरक्षण पंचावन्नपर्यंत, सुरक्षा योजना सत्तरीपर्यंत. घरात धुणंभांडी करणाऱ्या ताईंचं, सोसायटीच्या वॉचमनचं बँकेत खातं असेल तर हे दोन फॉर्म त्यांना भरून द्या. आणि घरातलं माणूस गेल्यावर पासबुक बंद करायच्या आधी या नोंदी शोधा. कुणी मागितलाच नाही तर क्लेम मिळत नाही.

कर्ज, घर, गाडी

गृहकर्जाच्या वेळी बँक एकरकमी हप्त्याचा कर्जविमा पुढे करते आणि तो हप्ता कर्जातच मिसळते. दीड लाखाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जात गेला तर त्याचे तीन लाखांच्या वर भरावे लागतात. संरक्षण कर्जाबरोबर घटत जातं. हा विमा कायद्याने सक्तीचा नाही, मॅनेजर कितीही 'सिस्टिम घेत नाही' म्हणाला तरी. वेगळा टर्म प्लॅन असेल तर त्याची गरज उरत नाही.

घराच्या विम्याकडे मात्र कुणी बघत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१च्या जुलैत चिपळूण-महाडला पुराने काय केलं, हे आपण पाहिलं. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात. आग, भूकंप, पूर, दरड हे तिच्यात येतं. रक्कम ठरवताना फ्लॅटची बाजारातली किंमत धरू नका, जमिनीला पूर नेत नाही; बांधकाम पुन्हा करायला किती लागतील तेवढी धरा. हप्ता टर्म प्लॅनच्या तुलनेत किरकोळ असतो.

गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहेच. २०१८पासून नव्या दुचाकीसोबत तो पाच वर्षांचा येतो, आणि सहाव्या वर्षी सगळे विसरतात.

बारा महिन्यांचे डबे

आता हप्त्यांना पैसे आणायचे कुठून? महिन्याचं वाणसामान, दूध, वीज यांची वही लिहिणारी घरं बरीच आहेत, आणि तरी जूनमध्ये त्यांची त्रेधा उडते. कारण घर हलवतात ते वर्षातून एकदा येणारे खर्च. आपल्या जोडप्याचे मांडू: शाळेची फी आणि वह्यापुस्तकं ४५,०००, आरोग्यविमा २४,०००, टर्म प्लॅन १५,०००, दुचाकीचा विमा २,०००, गणपती-दिवाळी ३०,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ६,०००, गावची जत्रा आणि लग्नांतले आहेर २२,०००. बेरीज १,४४,०००, म्हणजे महिन्याला बरोबर १२,०००. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हे १२,००० वेगळ्या खात्यात जायला हवेत, ज्याचं एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात नाही. हे १२,०००, कर्जाचा हप्ता आणि रोजचा खर्च धरून ६५,००० गेले. उरतात ५,०००, आणि त्यातले ४,५०० आत्ता त्या तीन जुन्या पॉलिसी नेतात. त्या पेड-अप केल्या तर तेवढ्याची दरमहा मुलीसाठी एसआयपी किंवा सुकन्या समृद्धी खातं सुरू होतं. या घरात बचतीला जागा कुठून निघते, याचं उत्तर एवढंच आहे.

पतसंस्थेतले चार लाख? गावची पतसंस्था ओळखीची असते, चेअरमन घरचा असतो, व्याज एक-दोन टक्के जास्त असतं. बँकेतल्या ठेवींना मिळणारं ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण पतसंस्थेला नाही, हे मात्र ठेवीदारांना कुणी सांगत नाही. सहकारी बँकेला ते आहे. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखा, सगळी खाती आणि व्याज मिळून ५ लाख. पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा एक लाखच होती, फेब्रुवारी २०२०त ती वाढली. सगळ्या पतसंस्था वाईट नसतात, पण अडीअडचणीचा पैसा तिथे नसावा. चार महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम, या घराला अडीच लाख, राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत असावी, एका दिवसात मोडता येईल अशी.

नंतरचे कागद

पॉलिसीवर नॉमिनी कोण आहे, ते आज बघा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर आईचं नाव तसंच राहिलेलं असतं, आणि पुढे सासू-सुनेत जे होतं ते वकील सांगतील. २०१५च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैशांचा लाभ त्यांचाच धरला जातो. बँकेची ठेव, शेअर यांत तसं नाही. तिथे नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसा कायद्याने ठरते. म्हणून मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं, साध्या कागदावरही चालतं.

दुकानदार, ठेकेदार, ज्यांच्या डोक्यावर धंद्याचं कर्ज आहे, त्यांनी टर्म प्लॅन घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४च्या कायद्याखाली घ्यावा. अर्जासोबत एक फॉर्म भरावा लागतो, बस. मग ती रक्कम बायकामुलांची विश्वस्त मालमत्ता होते, धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे अर्जाच्या वेळीच करायचं असतं.

'तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस नियामकाकडे अडकला आहे' असे फोन येतात, विशेषतः निवृत्तांना. विमा नियामक पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, फोन करत नाही. फोन ठेवून द्या.

क्लेम नाकारला गेला तर कारण लेखी घ्या. तोंडी कारण कारणच नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत, ऑनलाइनही तक्रार नोंदवता येते. ५० लाखांपर्यंतचे दावे ते बघतात, फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं असतं. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, डिस्चार्ज समरी आणि पहिल्या अर्जाची प्रत लागेल. ती प्रत तुमच्याकडे नसेल तर कंपनीकडून मागून घ्या. त्यात कुणाच्या अक्षरात काय लिहिलं आहे, यावर निकाल फिरू शकतो.